पोत्याची एकच बाजू

शेंगदाण्यातलं विष सगळ्या दाण्यांत नसतं. दहा हजार दाण्यांत एखादाच बुरशीचा निघतो आणि पोतंच्या पोतं वाया घालवतो. म्हणून पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर दाणे उचलायचे आणि निकाल द्यायचा, असं चालत नाही. वरून, खालून, मधून, कोपऱ्यातून, शंभर ठिकाणांहून नमुना घ्यायचा, तो एकत्र दळायचा आणि मग यंत्राला विचारायचं. रेखा वानखेडे हे गेली सतरा वर्षं प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत आली होती. लंडनमधल्या हाउन्सलोच्या त्या लॅबमध्ये परदेशातून आलेला खाण्याचा माल तपासायला यायचा, आणि रेखाची सही असलेला रिपोर्ट आजवर कुणी परत पाठवला नव्हता.

तरीही ती अजून डेप्युटीच होती. मॅनेजर सप्टेंबरमध्ये रिटायर होणार होता आणि त्या खुर्चीवर रेखाचा डोळा होता. अडचण एवढीच की कंपनीच्या ब्रॅकनेलच्या हेड ऑफिसला आता नुसते बिनचूक आकडे पुरेनासे झाले होते. अर्जात 'माणसं सांभाळल्याचा पुरावा' असा एक नवा रकाना आला होता. रेखानं आयुष्यभर यंत्रं सांभाळली होती, आणि ती कधी तक्रार करत नाहीत. आता पुरावा आणायचा कुठून?

पुरावा लॅबमध्येच होता, आणि रोज सकाळी साडेआठला मोठ्यानं बोलायचा.

वाली सार हा सेनेगलचा, चाळिशीचा, काडीसारखा माणूस. महागड्या यंत्रांवर त्याचा हात होता आणि व्हिसा कंपनीच्या जिवावर होता. फातू जार्जू गांबियाची, अठ्ठावन्न वर्षांची. नमुने दळायचं काम चौदा वर्षं तिच्याकडे होतं आणि तिचा आवाज दळणाच्या यंत्रावर मात करायचा. रेखा मनातल्या मनात तिला फातूबाईच म्हणायची. वाली आत आला की पहिलं वाक्य ठरलेलं.

"काय गं गुलाम, भात शिजला का? की पातेल्यासकट गिळलास?"

फातूबाई तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटायची. मग वाली दुसरं टाकायचा. "तुम्हा जोला लोकांना देवानं तोंड आधी दिलं आणि डोकं उरलेल्या मातीचं केलं!" त्यावर पुन्हा पुटपुट. बिचारी, रेखाला वाटायचं. गुलाम म्हणतो, जातीवर जातो, आणि ही बाई आपल्या भाषेत देवाचं नाव घेत सोसते.

रेखानं वही काढली. तीन आठवडे, तारीख, वेळ, शब्द. बावीस अपमान, टेबल करून, प्रकारानुसार गट पाडून, खाली एक छोटा आलेख. फॉर्म भरला आणि ब्रॅकनेलला पाठवला. पाठवताना तिला आपण कुणाची तरी बाजू घेतली असं वाटलं, आणि अर्जातला रकाना भरला हेही वाटलं. दोन्ही वाटणं तिनं वेगवेगळं मोजलं नाही.

ब्रॅकनेलला तो फॉर्म नीना परचुरेच्या टेबलावर गेला.

नीना मूळची पुण्याची, राहायला स्टॅनमोरला, कंपनीत एचआरची हेड. ती आणि रेखा एकाच महाराष्ट्र मंडळात होत्या. अकरा वर्षांपूर्वीच्या दिवाळीला नागपूरच्या रेखानं हौसेनं गोळाभात केला होता. नीनानं एक घास घेतला, चमचा अलगद खाली ठेवला आणि म्हणाली होती, "छान आहे हं. दणकट आहे." पुढच्या वर्षी खाण्याच्या यादीत रेखाच्या नावापुढे लिहिलं होतं, कागदी प्लेट्स आणि चमचे. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. अकरा वर्षं रेखा प्लेट्स आणत होती. दोघींमध्ये एकदाही आवाज चढला नव्हता. भेटल्या की "अगं किती बारीक झालीस!" म्हणत मिठी मारायच्या आणि घरी जाऊन आपापल्या नवऱ्याचं डोकं खायच्या.

रेखाला वाटलं होतं, फार तर एखादं ट्रेनिंग होईल, भिंतीवर आदराचं पोस्टर लागेल. आठवड्यात वालीला पत्र आलं. सुनावणी होईपर्यंत मिसेस जार्जू यांच्याशी कामापुरतंच बोलावं. आरोप सिद्ध झाल्यास नोकरी जाऊ शकते. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बायको आणि दोन मुली घेऊन विमान पकडायचं. हे पत्रात नव्हतं. ते वालीनंच तिला सांगितलं, खाली बघत, यंत्राची सुई पुसता पुसता. कुणी तक्रार केली ते त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला तो आत आला आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, मिसेस जार्जू."

फातूबाईच्या हातातला स्कूप खाली पडला. पाच मिनिटांनी रेखाला ती स्टोअररूममध्ये पोत्यांवर बसून रडताना सापडली. बावीस अपमानांत जे झालं नव्हतं, ते एका गुड मॉर्निंगनं झालं होतं.

"त्यानं मला मिसेस म्हटलं," फातूबाई म्हणाली. "मी काय बँकेची बाई आहे? मी त्याचं काय वाईट केलं?"

"पण तो तुम्हाला गुलाम म्हणायचा!"

"मग काय म्हणणार? तो सेरेर आहे, मी जोला. तो माझा गुलाम, मी त्याची." ती रेखाकडे अशी बघू लागली, जशी रेखा नमुना न दळता यंत्रात घालणाऱ्याकडे बघते. "दोन बहिणी होत्या. एका होडीतून चालल्या होत्या. वादळात होडीचे दोन तुकडे झाले. एक बहीण वर वाहत गेली, तिचे सेरेर झाले. बाजरी खाणारे चोर. दुसरी खाली आली, तिचे आम्ही. तेव्हापासून आम्ही एकमेकांना काहीही बोलू शकतो, आणि एकमेकांवर हात उचलू शकत नाही. शेजारच्या लोकांशी भांडणं झाली, जमिनीवरून, गुरांवरून. यांच्याशी नाही. भांडण सुरू व्हायच्या आत शिवी देऊन संपवायचं. आणि त्याचा बाप वारला ना, तेव्हा सगळे पांढऱ्या कपड्यांत गप्प बसले होते. मी दारात उभी राहून ओरडले, चला, एक बकरीचोर कमी झाला! वाली रडत होता, तो हसायला लागला. मग तीन दिवस त्यांची भांडी मीच घासली. दुसरं कोण घासणार?"

रेखानं विचारलं, "तुम्ही जे पुटपुटायचात, ते काय होतं?"

"पुटपुटायचे? मीच तर सुरुवात करायचे, तो पार्किंगमध्ये असतानाच! खिडकीतून! मी आमच्याकडच्या वोलोफ भाषेत शिव्या देते, तो इंग्रजीत देतो. त्याची इंग्रजीची परीक्षा होती ना व्हिसाची. सराव करून घेतला मी." तक्रार झाली म्हणून त्याला असं बोलावं लागतं, हे रेखानं सांगितलं, तेव्हा तिनं डोळे पुसले. "कोण मेला त्याची तक्रार करून बसला, मला कळू दे."

ती आपणच केली, हे रेखानं सांगितलं. फातूबाई उठली, स्कूप धुतला आणि दळायला गेली. शिवी दिली नाही. ते वाईट लक्षण होतं, हे आता रेखाला कळत होतं.

सुनावणी लॅबच्याच मीटिंगरूममध्ये झाली. नीना ब्रॅकनेलहून आली, मोत्यांचे कानातले, निळी फाइल. "अगं रेखा! किती बारीक झालीस!" सगळ्यांसमोर म्हणून इंग्रजीत, पण मिठी नेहमीचीच झाली. रेखानं खुर्चीत बसताना अर्जातल्या त्या रकान्याचा विचार केला आणि तो मनातच खोडला.

वाली समोर बसला होता, हात मांडीवर. नीनानं पश्चिम आफ्रिकेवर बरंच वाचून आणलं होतं. "दोन शेजारी जमातींमधला जुना संघर्ष कामाच्या ठिकाणी उतरलाय, असं दिसतं," ती म्हणाली. "मिसेस जार्जू, तुम्ही इथे सेफ आहात. मिस्टर सार यांच्याबद्दल मोकळेपणानं बोला."

फातूबाईनं एकच मोठा श्वास घेतला.

"हा चोर आहे," ती म्हणाली. वालीचा चेहरा उजळला. "याचा बाप चोर, आजा चोर. याच्या गावात रात्री बकऱ्या स्वतःला आतून कडी लावून घेतात! बाजरी खाऊन खाऊन याचं पोट कोंबडीचं झालंय. मी याला चौदाशे पौंडांना विकायला काढला होता, गिऱ्हाईक म्हणालं, वर पैसे देत असशील तर नेतो."

नीनाचं पेन थांबत थांबत चाललं. "म्हणजे… तुम्हाला यांनी नोकरीवर राहू नये असं वाटतं?"

"असं कोण म्हणालं?" फातूबाई गरजली. "माझा गुलाम आहे. तुम्ही कोण त्याला घालवणार?"

"मिसेस जार्जू, तुम्ही त्यांच्याविषयी एखादं चांगलं वाक्य बोललात तर मला केस बंद करायला मदत होईल."

"सेरेरबद्दल? चांगलं?" फातूबाईनं छातीवर हात ठेवला. "माझ्या आईला काय तोंड दाखवू?"

नीनानं फाइलमधला आलेख पुढे सरकवला. निळ्या रंगाचे बावीस ठिपके. "इथे तर डेटा स्पष्ट आहे. आणि रेखाचा डेटा म्हणजे…" ती गोड हसली. "शिवाय रेखा, तुमच्याकडे नागपूरला जरा मोकळंच बोलतात ना? तुलाही खटकलं, म्हणजे प्रकार गंभीरच."

रेखानं ते गिळलं. अकरा वर्षांची सवय होती.

"डेटा बाद आहे," ती म्हणाली.

"सॉरी?"

"मी पोत्याच्या एकाच बाजूनं नमुना घेतला. मला इंग्रजी कळतं म्हणून इंग्रजी अपमान मोजले. वोलोफमधले मोजलेच नाहीत. ते याहून जास्त होते आणि आधी सुरू व्हायचे. असा नमुना माझ्या हाताखालच्या कुणी आणला असता तर मी तो फेकून दिला असता. या नमुन्यावर पोतं बाद करता येत नाही."

बाहेर एक विमान इतकं खाली आलं की कपातला चहा हलला. नीनानं पेन टेकवलं.

"म्हणजे तुझ्या हातून चुकीची नोंद झाली, असं लिहू? कारण ते तुझ्या अर्जाला जोडलं जाईल, रेखा. मैत्रीण म्हणून सांगते."

"लिही."

"नक्की?"

"तारीखही घाल. आणि चूक जाणूनबुजून नव्हती असं लिहू नकोस, ते तुला माहीत नाही."

नीनानं लिहिलं. तिचं अक्षर सुरेख होतं. मग तिनं जाहीर केलं की तक्रारीला आधार उरत नाही, दोघांनी दोन तासांचा ऑनलाइन कोर्स करावा, नाव 'शब्दांचं वजन'. वाली उभा राहिला. "बाई," तो फातूबाईला म्हणाला, "तुझा आवाज ऐकून बाहेरचं विमान परत गेलं."

"मेल्या!" फातूबाई म्हणाली आणि तिला पुन्हा रडू आलं.

निघताना ती दारात थांबली. तिनं नीनाकडे पाहिलं, रेखाकडे पाहिलं. "तुम्ही दोघी एकाच देशाच्या?"

"एकाच राज्याच्या," रेखा म्हणाली.

"भाषा एक?"

"एकच."

"मग हे काय, बारीक झालीस, बारीक झालीस? दोघींपैकी एकही बारीक नाही. एवढी वर्षं एकीनंही शिवी दिली नाही? बिच्चाऱ्या." आणि रेखाला बोटानं टोचून, "ही तर चुगलखोर आहेच. उंदरासारखी कागद कुरतडते."

ती गेली. ही पहिली शिवी होती, आणि रेखाला खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं. खोलीत दोघीच उरल्या. नीना फाइलची दोरी बांधत होती.

"नीना," रेखा म्हणाली. तिचे कान तापले होते. "मंडळात तू श्रीखंड वाढतेस, ते जेवायला असतं की तपासणीच्या नमुन्याला? सतरा वर्षं मी नमुने घेतेय, इतका लहान नमुना मी यंत्रातसुद्धा घातला नाही."

नीनाचा हात थांबला. चेहऱ्याचा रंग आधी गेला, मग परत आला. या वेळी मिठी झाली नाही. फक्त दारापाशी वळून तिनं एकदा रेखासमोर टेबलावर पडलेल्या कोऱ्या तक्रार-फॉर्मकडे पाहिलं, आणि तो न घेता गेली.

सोमवारी मेल आला. विषय, केस बंद. मजकूर इंग्रजीत, नियमानुसार. वाली सार यांच्यावर कारवाई नाही. मॅनेजरपदासाठी रेखा वानखेडे यांच्या अर्जाचा विचार या वर्षी करता येत नाही. त्याखाली नीनाची सही, पदनाम, मजकूर गोपनीय असल्याची सूचना. आणि त्या सूचनेच्याही खाली, जिथे कुणी वाचत नाही तिथे, मराठीत दोन ओळी.

'ज्यांच्याकडे तिखटालाच भाजी म्हणतात त्यांनी वाटीचं माप काढू नये. दिवाळीला गोळाभात घेऊन ये, हेल्मेट मी आणते.'

रेखानं 'विचार करता येत नाही' हे वाक्य एकदा वाचलं आणि खालच्या ओळी चारदा. मग ती उठून दळणाच्या खोलीत गेली आणि यंत्राच्या आवाजावर आवाज काढून फातूबाईला त्याचं इंग्रजी करून सांगितलं.

फातूबाईनं यंत्र बंद केलं, ओठ बाहेर काढून विचार केला.

"बेताचंच आहे," ती म्हणाली. "आईचा उल्लेख नाही, बकरी नाही. पण एचआरची बाई आहे, सुरुवात म्हणून चालेल. आता तू काय लिहिणार?"

"माहीत नाही."

"गुलाम!" फातूबाईनं शेजारच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "इकडे ये! या उंदराला शिवी शिकवायची आहे!"