तेराव्या महिन्याचं घड्याळ

माझ्या घड्याळात तेरावा महिना आहे आणि तो लागला की माझी बायको घरी येते. शरयूला जाऊन बरीच वर्षं झाली, पण अधिक महिन्यात तिला ते कुणी सांगत नाही. माहेराहून आल्यासारखी बॅग घेऊन दारात उभी राहते आणि आधी स्वयंपाकघरात जाऊन भांडी बघते. "अहो, ही कढई कशानं घासता? पार वाट लावलीत." महिना संपला की मुकाट्यानं बॅग भरते.

हे मनगटी घड्याळ तिच्या वडिलांनी, मिरजेच्या अप्पांनी, लग्नानंतरच्या पहिल्या अधिकात वाणाबरोबर दिलं. लोक जावयाला चांदीचं ताट देतात, पण अप्पांना घड्याळांचं वेड. घडण परदेशी, आतलं कॅलेंडर मात्र त्यांनी मुद्दाम करवून घेतलेलं. डायलवर अनारशाच्या जाळीसारखी नक्षी. पाठीला काच, आणि तिच्यातून सोन्याचं अर्धचक्र हाताबरोबर डुलताना दिसतं. त्यानंच घड्याळाला चावी मिळते. डायलच्या खालच्या अंगाला छोट्या खिडकीत चैत्र येतो, वैशाख येतो. दोन-तीन वर्षांनी एकदा तिथे 'अधिक' येतो.

त्यात एकच खोट होती. ते रोज थोडं पुढे पळायचं. इतर महिन्यांत पळेना का, मला काय त्याचं. पण अधिकात पळायचं म्हणजे शरयूच्या वाट्याचं रोज काहीतरी कमी व्हायचं. मी स्वभावानं चिकट. दूधवाल्यानं मापात हात मारलेला मला चालत नाही, हे कसं चालेल?

"राहू द्या हो," गेल्या अधिकात शरयू म्हणाली होती. "आहे तेवढं पुरे की."

मला कुठून दुर्बुद्धी झाली कोण जाणे. ती गेल्यावर मी घड्याळ पुण्याच्या एका शोरूमला दुरुस्तीला देऊन आलो.

परत आणायला गेलो तेव्हा तिथल्या आगाशे मॅडमनी ते मखमलीवर ठेवलं. घड्याळ पातळ झालं होतं. पट्ट्याची कडी आता आवाज न करता बसत होती. अर्धचक्र नुसत्या श्वासानंही फिरत होतं.

"आता एक सेकंदही पुढे जात नाही, सर," त्या म्हणाल्या. "आणि कॅलेंडरमधली चूक पण काढली."

"कसली चूक?"

"मधूनच एक महिना जास्त येत होता. चाकाला एक दात जास्तीचा होता. कापला तो."

मी घड्याळ त्यांच्यापुढे सरकवलं. "परत बसवा."

"आता नाही बसणार. तो महिना लागल्याशिवाय त्याची खाच उघडत नाही." त्यांनी कागदाची पुडी पुढे केली. "तुकडा यात आहे. महिना लागला की मागची काच उघडा आणि बसवा. जपा मात्र, खसखशीएवढा आहे."

मी पुडी खिशात घातली. शरयूचं ऐकलं असतं तर, हे तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही.

वैशाखाच्या अमावास्येला अप्पांचा फोन आला. "जावईबापू, उद्या वाण घेऊन येतो."

सकाळी उठलो तर खिडकीत ज्येष्ठ होता. अधिक आलाच नव्हता. मी गॅलरीत गेलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळे अजून अधिकात होते, मी एकटा महिनाभर पुढे आलो होतो. समोरच्या बंगल्याच्या फाटकावर पुढच्या महिन्याचं वर्तमानपत्र अडकवलेलं होतं. घरात वळलो तर खोल्या घड्याळासारख्याच पातळ झाल्या होत्या. स्वयंपाकघरात जायचं तर अंग चोरून जावं लागत होतं.

मग दार वाजलं आणि शरयूचा आवाज आला. "या बाबा. हे कुठे गेलेत कुणास ठाऊक, दार नुसतं लोटलेलं होतं."

"मी इथेच आहे," मी म्हणालो. मी दाराकडे गेलो. माणसं दिसत नव्हती, पण वस्तू दिसत होत्या. वस्तूंना महिना नसतो. दाराशी तिची बॅग होती. टेबलावर ताट आलं, त्यात तेहतीस अनारसे, आणि मधे निरांजन लावलेलं.

"असं कसं," अप्पांचा आवाज आला. "जावई नाही तर वाण द्यायचं कुणाला?"

"थांबू या थोडं. दिवा आहे तोवर वाट बघू. नाहीच आले तर मी तुमच्याबरोबर मिरजेला येते. इथे एकटी काय करू?"

मी ताटासमोर बसलो. घड्याळाची मागची काच उघडली. त्या चाकावर एक खाच खरोखरच उघडी होती. मी पुडी सोडली. माझ्या श्वासानंच अर्धचक्र गरगर फिरायला लागलं; ते बोटानं थांबवायला गेलो. कागद उलटला आणि दात ताटात पडला.

अनारशांवर खसखस होती. शरयूच्या माहेरी ती नेहमी दाट लावतात.

"कुणी हात लावू नका हं," ती म्हणाली. "पहिला त्यांनी खायचा."

मी ड्रॉवरमधून बारीक चिमटा काढला आणि एकेक दाणा उचलून बघायला लागलो. सगळे सारखेच दिसत होते. पलीकडची खुर्ची सरकली. ती बहुधा माझ्या समोरच बसली असावी. तिच्या बांगड्या टेबलाला लागल्या, आणि मला रडू आलं.

"बाबा, तूप आहे का हो थोडं?"

"घरून एवढंच आणलं होतं."

निरांजनाची वात काळी पडत चालली होती. मी आणखी एक दाणा उचलला आणि तो टिकटिकतोय का ते बघायला कानाशी धरला.