उमरावाची उचकी आणि तिसरी चिठ्ठी

ग्रंथपालांचा फोन आला तेव्हा मास्तरीण आईच्या कपाटापुढे उभी होती आणि कपाट उघडायचं धाडस गोळा करत होती. ती खरी मास्तरीण नव्हे. एका प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासायची. पण पाचव्या वर्षीच घरी आलेल्या पाहुण्यांचं बोलणं दुरुस्त करायला लागली, तेव्हा आईने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

"ताई, सांगायला वाईट वाटतं," ग्रंथपाल म्हणाले, "पण आईंच्या नावावर एक पुस्तक राहिलंय. 'उमरावाची उचकी'. चार महिने झाले. एका वाचकाने नुसता पिच्छा पुरवलाय हो. आज साडेपाचच्या आत मिळालं तर बरं होईल."

"आणते," ती म्हणाली.

पुस्तकाचं नाव तिला चांगलं ठाऊक होतं. दोन महिने तेच नाव तिच्या मनात ठुसठुसत होतं. इस्पितळात आई म्हणाली होती, "ती उचकी घेऊन ये ना उद्या. वाच मला." आणि हिने नेलं काय, तर स्वतः तपासलेला, पारितोषिक मिळालेला ललित निबंधांचा संग्रह. आईने दोन पानं निमूट ऐकली, "छान आहे, लगेच झोप येते," म्हणाली आणि खरोखरच झोपली. "उचकी उद्या आणते," असं मास्तरणीने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची वेळच आली नाही.

आई गेली, आणि त्या पुस्तकातला चोर कोण ते न कळताच गेली. माणसाचं दुःख कुठल्या खिळ्याला अडकेल, सांगता येत नाही. मास्तरणीचं तिथे अडकलं होतं.

पुस्तक मिळालं शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या मागे. काढलं मावशीने. आईची ही धाकटी बहीण आज आवराआवरीला मदत करायला सकाळीच आली होती.

"सापडली गं बाई, सापडली! आणि टाके तसेच आहेत!" मावशीने टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढली होती, त्यामुळे शेजारी उभ्या माणसाशीही ती परगावी बोलल्यासारखी बोलायची.

टाके म्हणजे शेवटच्या प्रकरणाचे. आई शिवणकाम करायची. असली चोर शोधायची पुस्तकं आणली की वाचायला घेण्याआधी ती शेवटच्या प्रकरणाची पानं एकत्र धरून कडेने तीन कच्चे टाके घालायची. मग आई, मावशी आणि मास्तरीण, तिघींनी आळीपाळीने बाकीचं पुस्तक वाचायचं, आपापला चोर चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी बटणांच्या डब्यात टाकायची. तीन चिठ्ठ्या पडल्याशिवाय दोरा कापायचा नाही. चुकेल तिच्याकडे महिनाभर घरातली सगळी इस्त्री. आणि टाके उसवून आधीच बघेल तिला वर्षभराची इस्त्री, शिवाय जन्माची बदनामी. ग्रंथपाल आधी कुरकुरले होते, पण आई वाचनालयाची फाटकी पुस्तकं फुकट शिवून द्यायची, त्यामुळे सहा बारीक भोकांकडे त्यांनी डोळेझाक केली.

मास्तरणीने कॉलेजात गेल्यावर हा खेळ सोडला होता. तिथे तिला कळलं होतं की चांगली पुस्तकं वेगळी असतात.

मावशीने बटणांचा डबा खळखळवला आणि झाकण काढलं. बटणांवर तीन चिठ्ठ्या होत्या. एकीवर मावशीचं किरटं अक्षर, एकीवर आईचं. दोन्ही घडी घालून टाचणी टोचलेल्या. तिसरीवर बाहेरून लिहिलं होतं 'मास्तरीण'. ती उघडी होती आणि आतून कोरी.

"ही कधीची?"

"या पुस्तकाची. दर पुस्तकाला ठेवायची ती," मावशी म्हणाली. "मी म्हणायचे, अगं, ती आता मोठी विदुषी झालीय, ती कशाला वाचतेय? तर म्हणायची, नियम म्हणजे नियम, तीन म्हणजे तीन. मग कोरीलाच तिसरी धरायचो."

मास्तरणीने घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा. पुस्तक दोनशे साठ पानांचं.

"मावशी, कपाट राहू दे. साडेपाचच्या आत वाचून होईल माझं."

"होईल म्हणजे? झालंच पाहिजे! मी चहा टाकते. आणि हे बघ, मला काही विचारायचं नाही, माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. माझा चोर तोंडावर दिसतो, असं तुझी आई म्हणायची."

मास्तरीण आईच्या स्टुलावर बसली, पुस्तक मशीनच्या फळीवर ठेवलं आणि सवयीने कानामागची पेन्सिल हातात घेतली.

पहिल्या दहा पानांत तिने ओठ घट्ट मिटून ठेवले. जुना काळ, शिडाची जहाजं, घोडागाड्या, आणि नायिका कोण, तर बड्या लोकांसाठी केसांचे टोप करणारी एक पोरकी, जिभेची तिखट मुलगी. 'कोणाच्या डोक्यात काय आहे ते तिला ठाऊक नसे,' लेखिकेने लिहिलं होतं, 'पण कोणाच्या डोक्यावर काय आहे ते ती पुरतं जाणून होती, आणि बहुतेकांच्या बाबतीत तेवढं पुरत असे.' अकराव्या पानावर उमराव आला. उंच, देखणा, तुसडा, आणि खोटं बोलला की उचकी लागणारा. भर दरबारात तो टोपवालीला म्हणाला, "तुझ्याबद्दल मला काडीचंही आकर्षण नाही," आणि पुढची दोन पानं उचक्या देत राहिला. सरदार त्याला पाणी पाजताहेत, राजवैद्य पाठीत बुक्के घालताहेत, आणि टोपवाली गंभीरपणे म्हणते, "महाराज, आकर्षण नसल्याचं दुखणं फारच विकोपाला गेलेलं दिसतंय."

मास्तरीण फिस्सकन हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. स्वयंपाकघरातून आवाज आला, "पान अठरा ना? पाठीत बुक्के?"

"गप गं, मावशी!"

त्यानंतर तिचा चहा दोनदा निवला. नाचाच्या रात्री राजमातेचा रत्नजडित टोप कुलूपबंद खोलीतून नाहीसा झाला. बाहेर पहारेकरी, खिडकीला गज. वाड्यातून मुंगीदेखील बाहेर पडायची नाही, असा हुकूम सुटला, आणि टोप ओळखू शकेल अशी एकटीच माणूस म्हणून टोपवालीला वाड्यात आणून ठेवलं. म्हणजे उमरावाच्या समोरच्याच खोलीत. संशय चौघांवर: राजवैद्य, नृत्यशिक्षक, मुदपाकखान्याचा मुख्य आणि उमरावाची लाडकी, लंगडी, कुत्रं काखेत मारून फिरणारी आत्याबाई. टोपवाली नि उमराव पडद्यामागे लपून नृत्यशिक्षकावर पाळत ठेवताहेत, दोघांच्या मध्ये वीतभर अंतर, आणि तेवढ्यात ती कुजबुजते, "तुम्हाला भीती वाटतेय?" "छे," उमराव म्हणतो. उचक्!

पाय दुमडून स्टुलावर बसल्याने तिला मुंग्या आल्या होत्या. ती उठून खिडकीशी उभी राहिली, तिथून दाराला टेकली, वाचतच. या पुस्तकांत काय ठेवलंय, असं तिने आईला कितीदा विचारलं होतं! आई शिवता शिवता म्हणायची, "काही नाही गं. हसत हसत माणूस घाबरतं, आणि घाबरता घाबरता कुणाच्या तरी प्रेमात पडतं. एका तिकिटात तीन खेळ."

पण हाडाची सवय कुठे जाते? डोळे वाचत होते तसा हात खुणा करत होता. पान ५६, अनुस्वार. पान ७९, मुदपाकखान्यातल्या मांजरीला आधी चार पिल्लं, मग पाच. पान ११८ वर तिने समासात शुद्ध, टोकदार अक्षरात लिहिलं: 'विसंगती. लेखिकेला विचारावे.'

तीन वाजून गेले होते. मावशी कपबश्या न्यायला आली आणि खांद्यावरून वाकली.

"अगं बये! वाचनालयाच्या पुस्तकात काय खरडलंस हे? लेखिकेला विचारावे? कुठे जाऊन विचारणार आहेस?"

"चूक आहे, मावशी. ढोबळ चूक. ही आत्याबाईंची कुत्री बघ. पान ४१ वर आखूड केसांची आहे, कातडी दिसते म्हटलंय. आणि इथे ११८ वर, दोन दिवसांनी, तिचे लांबसडक कुरळे केस सोफ्यावर पसरलेत. हे कुणाच्या नजरेतून सुटलं कसं? दोन दिवसांत कुत्र्याचे केस एवढे..."

ती बोलायची थांबली. तोंड उघडंच राहिलं.

मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग तिचंही तोंड उघडलं.

"टोप!" दोघी एकदमच ओरडल्या.

"कुत्रीच्या अंगावर!" मास्तरणीने पुस्तक छातीशी धरलं. "सगळा वाडा पालथा घातला, गाद्या फाडल्या, आणि टोप आत्याबाईंच्या काखेत!"

"अरे देवा. मी दोनदा वाचलं ते पान. दोनदा!" मावशी कपाळावर हात मारून घेत म्हणाली. "मला वाटलं, छापणाऱ्यांनी घोळ घातला. मी माझी चिठ्ठी बदलते."

"मुळीच नाही. टाचणी लागली की संपलं."

"एवढीशी होतीस तेव्हाही अशीच होतीस."

पण मास्तरीण ऐकत नव्हती. ती खोलीभर फेऱ्या मारत होती. आत्याबाई का चोरतील? त्यांना हिरेमोती काय कमी? पान ९ वर काय म्हणाल्या होत्या त्या? ती मागे गेली. 'माझ्या भाच्याला लग्नाचं विचारलं की तो नाही म्हणतो, आणि उचकी लागत नाही. हेच तर माझं दुःख आहे.' आणि मग भर दरबारात त्याला दोन पानं उचकी लागली ती टोपवालीसमोर! त्याच रात्री टोप गेला. टोप गेला म्हणून टोपवालीला वाड्यात आणावं लागलं. खोली कुणी नेमून दिली? आत्याबाईंनी.

तिने उरलेली पानं श्वास रोखून वाचली. पावणेपाचला टाक्यांशी पोचली. कोरी चिठ्ठी घेऊन लिहिलं: 'आत्याबाई. चोरीसाठी नव्हे, लग्नासाठी.' घडी घातली, टाचणी टोचली, डब्यात टाकली.

"आण कात्री," ती म्हणाली.

मावशीने कात्री दिली. मास्तरणीने टाक्यांवर बोट फिरवलं आणि तिथेच थबकली. एक टाका म्हणजे दोन भोकं. तीन टाके म्हणजे सहा. तिने पुन्हा मोजलं. मग पुस्तक उजेडात तिरकं धरलं. दोऱ्याच्या आतल्या बाजूला, केसभर अंतरावर, रिकाम्या भोकांची आणखी एक सरळ रांग होती.

"मावशी, बारा आहेत."

"काय बारा?"

"भोकं. हे एकदा उसवलंय आणि पुन्हा शिवलंय."

मावशीने चष्मा लावला. मोजलं. तिचा चेहरा लाल झाला. "लबाड! तीस वर्षं म्हणतेय मी, ही उसवून बघते! तीस वर्षं माझ्या अंगावर धावून यायची, शपथा घ्यायची! काढ तिची चिठ्ठी. आधी काढ!"

आईच्या चिठ्ठीची टाचणी निघता निघेना. आतल्या मजकुरावर तारीख होती. इस्पितळात पुन्हा भरती व्हायच्या आदल्या दिवसाची. घरी काढलेल्या चार दिवसांतला तो शेवटचा.

'उसवून बघितलं. राहवलं नाही. आजवर कधी बघितलं नव्हतं, धाकटीने विश्वास ठेवावा. चोर कोण ते सांगत नाही, पण मी हसून हसून बेजार. वर्षाची इस्त्री माझ्याकडे. आता कसंही करून हे मास्तरणीला वाचायला लावते. ती ११८ वर चूक काढणार आणि स्वतःच फसणार, ते मला बघायचंय.'

मास्तरीण स्टुलावर बसली. चिठ्ठी तिने दुसऱ्यांदा वाचली, मग तिसऱ्यांदा. म्हणजे आईला कळलं होतं. इस्पितळातल्या त्या पलंगावर निबंध ऐकताना तिला ठाऊक होतं, टोप कुठे आहे ते. "वाच मला" म्हणाली होती ती शेवटासाठी नव्हे.

"विश्वास ठेवावा म्हणे," मावशी पदराने चष्मा पुसत म्हणाली. "आणि वर्षाची इस्त्री करायला आता येणार आहे का ही? बरोबर डाव साधला." ती हसत होती आणि नाक ओढत होती, एकदमच. "काप गं दोरा. वाच. मोठ्याने वाच."

मास्तरणीने दोरा कापला आणि मोठ्याने वाचलं. कुत्रीने भर दरबारात अंग झटकलं आणि मोती फरशीवर गडगडले. आत्याबाई म्हणाल्या, "असं नसतं केलं, तर हा मुलगा म्हातारपणापर्यंत उचक्या देत बसला असता!" उमराव टोपवालीपुढे गुडघ्यावर बसला, "तुझ्यावाचून मी जगू शकत नाही," म्हणाला, आणि सारा दरबार कान देऊन वाट बघत राहिला. उचकी आली नाही. त्या ओळीवर मास्तरणीचा आवाज फुटला. मावशीने पाण्याचं भांडं पुढे केलं आणि म्हणाली, "पी. तुला कसली उचकी लागली?" पुढचं पान दोघींनाही हसण्याने धड ऐकू आलं नाही.

पाच वाजून वीस मिनिटं. तिने फोन लावला.

"निघतोच आहोत. दहा मिनिटं थांबाल का?"

"थांबतो की," ग्रंथपाल म्हणाले. मग घाईघाईने, "पण ताई, चोर कोण ते सांगू नका हं!"

ती म्हणाली, "तो पिच्छा पुरवणारा वाचक..."

"मीच तो. मावशींना कळू देऊ नका," ते हळूच म्हणाले.

"ऐकलं मी!" फोनला कान लावून उभी असलेली मावशी परगावी बोलल्यासारखी म्हणाली.

मास्तरणीने खोडरबर घेऊन पान ११८ चा समास स्वच्छ केला. ७९ ची मांजर आणि ५६ चा अनुस्वार राहू दिले. त्या खऱ्या चुका होत्या. मग तिने आईच्या टाचणगादीतून सुई घेतली, शेवटचं प्रकरण एकत्र धरलं आणि तीन कच्चे टाके घातले. आईच्या दोन रांगा आखल्यासारख्या सरळ होत्या. तिची तिसरी वाकडी आली. तिने ती उसवली नाही.

"चल," ती चपला घालत म्हणाली, "आणि डबाही घे. त्यांची चिठ्ठी घ्यायला हवी."