लाजरा, लाजरी, लाजरं

उद्धवसरांच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता. लोणारबाहेरच्या ओढ्याकाठी ऊन चढत होतं. झाडावरचे कावळे भाताकडे पाहत आणि पुन्हा पंख साफ करत बसत.

"मास्तर होते बे," सरांचा पुतण्या आल्हाद पुटपुटला, "हजेरी घेतल्याबिगर कावळ्यालेबी जेवू देणार नाहीत."

मग रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन हात जोडले. गेलेल्याचं जे राहिलं असेल ते पुरं करू, असा शब्द द्यायचा. आल्हादने बागेचा दिला, कोणी नात इराच्या लग्नाचा. कावळे हलले नाहीत.

शरयू मागे उभी होती. बाबांचं काय राहिलं, ते तिला ठाऊक होतं.

बाबा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. लाजाळूचं रोप वर्गात आणून फळ्यावर लॅटिन विशेषण लिहायचे: पुडिकस, पुडिका, पुडिकम. "म्हणजे लाजरा, लाजरी, लाजरं. मिमोसा स्त्रीलिंगी, म्हणून मिमोसा पुडिका." मुलं खिदळत, सर अडखळत नसत. त्याच माणसाला पोटच्या मुलीला सांगता आलं नाही, की लघवीतून रक्त जातंय. फोनवर "शरयू, एक विचारायचं होतं" म्हणत आणि पावसापाण्याचं विचारून ठेवून देत. डॉक्टरांकडे गेले तेव्हा फार उशीर झाला होता.

ती पुढे झाली. "बाबा," एवढंच आधी निघालं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आपल्या घरातल्या एकाही पुरुषाला लघवीचा त्रास लपवू देणार नाही. मी स्वतः दवाखान्यात नेईन."

पुरुषमंडळी आपापल्या पायांकडे पाहू लागली. गुरुजींनी थोडी वाट पाहिली, दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला लावला.

माणसं पांगली, तसे बाबांचे धाकटे भाऊ अर्जुनराव तिच्याजवळ आले. बोलले ते ओढ्याकडे पाहत.

"मलेबी रातभर उठा लागून राह्यलं. रक्त नाही अजून. बाकी सारं तसंच."

"कधीपासून, काका?"

"आखाजीपासून."

"म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून! उद्या सकाळच्या एस.टी.ने बुलढाण्याला जाऊ."

"तेरवी तर होऊ दे, बाई. लोक काय म्हनतीन?"

"उद्याच."

"मंग तुह्या काकूले सांगू नको."

"काकूला मीच सांगणार आहे."

काका चढणीकडे वळले. तिने त्यांचा हात धरला. चढण संपून रस्ता लागला, तरी सोडला नाही.