एकाच वारच्या दोघी

तीन दिवस बुधीला एका कारखान्याच्या गेटवरून परत पाठवत होते. मशीनला पास लावला की लाल दिवा. सकाळी ती तारापूर एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांत झाडलोट करते, दुपारी सरावलीला आमच्या घरी येऊन माझ्या दिशाला सांभाळते, तेव्हा कुठे मी कोड लिहिते. त्या गेटपासचं सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीचं, त्यातला हा भाग माझा. हे मी तिला सांगितलं नव्हतं. उद्याही लाल दिवा लागला तर ठेकेदार दुसरी बाई घेणार होता, आणि बुधी नवऱ्यामागे वीटभट्टीवर जाणार होती.

एक बाई अनेक कारखान्यांत, एका कारखान्यात अनेक बाया; मधे त्यांच्या जोड्या लिहून ठेवणारं टेबल. पहिल्या कारखान्याशी बुधीची जोडी होती, दुसऱ्याशी नव्हती. पुन्हा घातली. एररही येईना, जोडीही होईना. जोडी बाईच्या बाजूने सेव्ह होते की कारखान्याच्या ते तपासलं, उलटं करून पाहिलं. दिशाला कणकण होती, ती मांडीवरून उतरत नव्हती. आमच्या टीमच्या मनीष सरांना मी गेटचं मशीनच बिघडलं असेल असं कळवून टाकलं होतं.

दुपारी बुधी आली. दिशाला कडेवर घेत म्हणाली, "ती दुसरी बुधी जाते आत. मीच अडकते."

"दुसरी कुठली?"

"आमच्याच पाड्यातली. बुधवारी झाली ती बुधी. चार हाय आमच्यात. तुमी नावाला पुस्तक उघडता, आमी वार बघतो."

आडनाव विचारलं. तेही एकच.

मी सोलापूरची, वारावरून नावं ठेवतात हे मला ठाऊक नव्हतं. नाव, आडनाव, गाव जुळलं की माणूस तोच, असं मीच लिहिलं होतं. वडिलांचं नाव बऱ्याच अर्जांत रिकामं असायचं, म्हणून सोडून दिलं होतं. कारखान्याची यादी एका माणसाला दोनदा घेत नाही. दुसरी बुधी तिथे आधीच होती, म्हणून हिला दर वेळी गुपचूप गाळत होती. तुलना पासच्या नंबरावर आणली. टेबलात नवी ओळ आली.

मनीष सरांना फोन करून सांगितलं, मशीन ठीक आहे, चूक माझी. बदल सर्व्हरवर चढवतो आणि ठेकेदाराला कळवतो, असं ते म्हणाले.

मग बुधीला सांगितलं. "तुम्हा दोघींना मी एकच धरलं होतं."

तिने दिशाच्या कपाळावर हात ठेवून पाहिला.

"ठेकेदार पण तसाच. काम तिचं चुकतं, वरडतो मला," ती म्हणाली. "मग उद्या जाऊ ना?"