अस्वलाची परतभेट

आमचे हे, शिगेनोबू, निवृत्त झाल्यापासून टीव्हीवरच्या ऑनलाइन खेळातल्या गावात शेती करतात. इथे अंगणात गवत कमरेएवढं वाढलंय, पण तिकडच्या सलगमांना रोज न चुकता पाणी!

काल मला म्हणाले, "अगं, शेजारच्या अस्वलाने मला मासा दिलाय. परतभेट काय देऊ?"

माझं डोकंच फिरलं. "खऱ्या शेजारच्या कुवाबाराबाईंनी खरबूज देऊन महिना झाला! त्यांची परतभेट राहिली ती राहिलीच, आणि तुम्हाला अस्वलाची पडलीय?"

"त्याला वाईट वाटेल गं," असं म्हणून यांनी अस्वलाला टोपलीभर सलगम पोचवलेसुद्धा.

शेवटी आज मीच बिस्किटांचा डबा छान कागदात गुंडाळला आणि कुवाबाराबाईंच्या दारात कमरेत वाकून माफी मागितली.

"अहो, माफी कसली? परतभेट कालच मिळाली की, टोपलीभर सलगम!" त्या हसत म्हणाल्या. "खेळातलं ते अस्वल म्हणजे मीच. पण त्यांना सांगू नका हं. अस्वलापाशी ते तुमच्याबद्दल फार मोकळेपणाने बोलतात."

मी चपला काढल्या आणि त्यांनी 'या' म्हणायच्या आधीच आत जाऊन बसले.