मुका डबा

लिटरकाकांचा आकडा चुकत नाही, अशी बंदरावर सगळ्यांची समजूत होती, आणि सगळ्यात पक्की समजूत खुद्द लिटरकाकांची होती. त्यांचं खरं नाव मतदार यादीत असेल. धक्क्यावर ते कुणाला ठाऊक नव्हतं. होडी कुणाचीही असो, इंजिन नवं असो की खोकणारं, काका एकदा डोळे बारीक करून आभाळाकडे बघत, एकदा होडीत किती माणसं नि किती बर्फ चढलाय ते बघत आणि सांगून टाकत, "इतकं पेट्रोल लागेल." विचारलं नाही तरी सांगत. आणि संध्याकाळी होडी परत आली की मुद्दाम जाऊन डबा हलवून बघत, तळाशी किती डुचमळतंय ते. बहुतेक वेळा त्यांनी सांगितलेलं तेवढंच डुचमळत असे. मग त्या रात्री काकांना दोन घास जास्त जात.

असा माणूस धक्क्यावर घसरून पडला, आणि तोही माशांच्या खवल्यांवरून नाही, केळ्याच्या सालीवरून. घोट्याचं हाड मोडलं. पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला आणि काका खिडकीजवळच्या खाटेवर आले. तिथून ते दिवसभर सूचना सोडत. लेक म्हणायची, "बाबा, उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं. निजा जरा."

लेक एकुलती एक. आई गेल्यानंतर घर तिनंच उचललं होतं, आणि लग्न करतानाही अट घातली होती की बाबांना सोडून जाणार नाही. जावई शहरातला, टेंपो चालवणारा. टेंपो विकून तो सासऱ्याच्या होडीवर आला, त्याला आता दोन वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं होतं, "मामा, ही ॲव्हरेज किती देते?" त्यावर सगळा धक्का आठवडाभर हसत होता. काकांनी त्याला समजावलं होतं, "जावईबुवा, समुद्रात मैलाचे दगड नसतात. किती कापते ते विचारायचं नाही, तासाला किती खाते ते विचारायचं. आणि वारा आडवा आला की तेही विचारायचं नाही." जावई शांतपणे ऐकून घेई. जाळं ओढायला तो वाघ होता. इंजिनाची मूठ मात्र काका कुणाच्या हातात देत नसत, त्याच्याही नाही.

आता पाय मोडल्यावर द्यावी लागली.

आदल्या संध्याकाळी जावई खाटेपाशी येऊन बसला. होडीच्या तळाची डागडुजी नुकतीच झाली होती आणि बरेच दिवस घरात बसून त्याचे हात शिवशिवत होते. "मामा, लांबच्या खडकापर्यंत जाऊन यावं म्हणतो. किती डबे घेऊ?"

डबा म्हणजे दहा लिटरचा. काकांनी डोळे बारीक केले. जायला दोन तास, यायला दोन तास, तासाला पाच लिटर. मधे जाळं सोडायचं, गोळा करायचं, त्याचे पाच. येताना मासळीचं ओझं, त्याचे दोन-तीन धरा. "तीन पुरे."

"नक्की?"

"मी कधी चुकलोय?"

जावई हसला आणि उठला. अंधार असतानाच तो एकटा निघून गेला.

ऊन वर आलं तसा वारा सुटला. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, कोरडा, हट्टी वारा. खिडकीचं दार आपटायला लागलं. काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण ते घाबरले नाहीत. येताना वारा तोंडावर घ्यावा लागेल, वेळ लागेल, दोनाच्या ठिकाणी तीन तास लागतील, पेट्रोल जास्त जाईल. जाऊ दे. त्यासाठी तर मुका डबा असतो.

तेवढ्यात मागच्या खोलीतून लेक ओरडली, "बाबा, इथं केवढा पेट्रोलचा वास येतोय! रंगाच्या डब्यांमागे हा कसला डबा ठेवलाय?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

मुका डबा ही त्या घरातली गोष्ट होती, बाहेर ती कुणाला माहीत नव्हती. काकांचे वडील परतीच्या वाऱ्यासाठी म्हणून एक डबा होडीच्या पुढच्या फळीखाली ठेवत, आणि तो कधी मोजत नसत. मोजला की समुद्राला कळतं, म्हणत, मग तो मागून घेतो. तीन म्हटलं की या घरात चार असत. चौथ्याचं नाव काढायचं नाही, अळीमिळी गुपचिळी. काकांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यांच्या हिशेबात तो डबा यायचाच नाही, जसा आपल्या वजनात आपला श्वास येत नाही. दोन वर्षांत तो उघडण्याची वेळच आली नव्हती. एकदा जावयानं विचारलं होतं, "मामा, त्या फळीखाली काय आहे?" तेव्हा काकांनी ओठांवर बोट ठेवून डोळा मारला होता. बिचाऱ्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं काहीतरी खासगी असेल, नाहीतर जळकं ऑइल असेल. होडी डागडुजीला ओढली तेव्हा त्यानं आतलं सगळं सामान घरी आणून नीट लावून ठेवलं. जळकं ऑइल रंगाच्या डब्यांमागे.

"त्यांना फोन लाव," काका म्हणाले.

लेकीनं लावला. फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. तिनं पुन्हा लावला. पाच-सहा वेळा लावल्यावर तिनं वडिलांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालंय?"

काकांनी सांगितलं. सांगताना त्यांना कळलं की आजवर त्या डब्याबद्दल इतकी वाक्यं सलग बोलायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती. लेक ओरडली नाही, रडली नाही. तिनं बर्फाच्या कारखान्यातून हातगाडी आणली, त्यावर गोधडी घातली, बापाला उचलून त्यावर ठेवलं, तो डबा त्याच्या मांडीवर दिला आणि गाडी ढकलत धक्क्यावर नेली. एरवी हे बघून लोक पोट धरून हसले असते. त्या दिवशी धक्क्यावर हसायलाही माणूस नव्हतं. सगळ्या होड्या बाहेर होत्या.

बंदर कचेरीतल्या माणसानं सगळं लिहून घेतलं. गस्तीची बोट दुसऱ्या बंदरात होती. "निरोप दिलाय. यायला अंधार होईल," तो म्हणाला. "होडी साधारण कुठं असेल ते सांगता येईल का?"

आयुष्यभर न विचारता सांगणाऱ्या माणसाला आज कुणीतरी विचारत होतं.

धक्क्याच्या टोकाला बर्फवाल्याचं दुकान. तिथं वायरलेस होता, पण काकांच्या होडीवर सेट नव्हता आणि बाहेरच्या होड्यांपैकी कुणी उत्तर देत नव्हतं. एक दुर्बीणही होती. लेक दुर्बीण लावून बसली. दुपार कलली. हिशेबानं जावई केव्हाच यायला हवा होता. पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले होते, आणि त्यांच्यात होडी कुठंच नव्हती.

अशात भोंगा म्हणतात तो होडीवाला परत आला. त्याचं जाळं फाटलं होतं म्हणून तो किनाऱ्याजवळूनच लवकर फिरला होता. भोंग्याचा आवाज असा की त्यानं धक्क्यावर शिंक दिली तर कचेरीत लोक दचकत. सगळी हकीकत ऐकल्याबरोबर तो म्हणाला, "मी जातो. कुठं जाऊ ते सांगा काका."

"पेट्रोल किती आहे तुझ्याकडे?"

"तीन डबे. पंपावरून आणायला माणूस धाडू?"

"जायला-यायला तासभर मोडेल. तेवढ्यात तो आणखी लांब वाहत जाईल." काकांनी मांडीवरचा डबा पुढे केला. "हा घे. चार झाले. चार मोजायचे."

आता कुठं, ते ठरवायचं होतं. काकांनी बर्फवाल्याच्या फरशीवर खडूनं रेघा ओढल्या. खडकापासून निघताना जावयाकडे पंधरा लिटर उरले असतील. अर्ध्या मुठीवर, सावकाश, लाटा चुकवत आणलं असेल, तर पेट्रोल खूप जवळ येऊन संपलं असेल. तिथून वाऱ्यानं त्याला सरळ बाहेर लोटलं असेल. पण मूठ पूर्ण पिळली असेल, तर इंजिन तासाला आठ-आठ लिटर पिणार, होडी वाऱ्याशी नुसती डोकं आपटणार, आणि पेट्रोल निम्म्या वाटेच्याही आधी संपणार. तिथं पाणी खोल, नांगराचा दोर तळाला पोचत नाही. आणि तिथला प्रवाह खाली, डावीकडे ओढतो. दोन जागांमध्ये एवढं अंतर होतं की एका होडीला एकच शोधता येणार होती.

काका खडू धरून बसले. इंजिन किती खातं ते त्यांना थेंबाथेंबानं ठाऊक होतं. दोन वर्षं तो माणूस त्यांच्यासमोर दोन हातांवर बसला होता, आणि त्याची मूठ कशी आहे हे त्यांना माहीत नव्हतं, कारण मूठ त्यांनी त्याला कधी दिलीच नव्हती. हे त्यांना आता समजलं.

"पोरी," त्यांनी विचारलं, "जावई टेंपो कसा चालवायचे?"

"हळू. फार जपून. मीच म्हणायची, बैलगाडी बरी."

काकांचा खडू जवळच्या जागेकडे गेला.

"पण घरी येताना नाही," लेक म्हणाली. "घरी यायचं असलं की घाईच करतात, बाबा."

काकांनी लांबच्या जागेवर फुली मारली. भोंगा आपल्या भावाला घेऊन निघाला. निघताना काकांनी त्याला बजावलं, "अर्धं पेट्रोल संपायची वाट बघायची नाही. येताना वारा तोंडावर आहे. दीड डबा गेला की माझ्याशी बोलायचं. मी सांगेन तेव्हा फिरायचं."

"तुम्ही सांगाल तसं," भोंगा म्हणाला. काकांच्या आकड्यावर सगळ्यांचा विश्वास होताच.

मग वाट बघणं आलं. बर्फवाल्यानं चहा आणला, तो तसाच गार झाला. लेक दुर्बीण डोळ्याला लावायची, काढायची, पदरानं भिंग पुसायची. काका हातगाडीवर पाय लांब करून बसले होते. उठता येत नव्हतं, येरझाऱ्या घालता येत नव्हत्या, साधं त्या वाऱ्याला पाठ करून उभं राहता येत नव्हतं. फरशीवरचा हिशेब त्यांनी पुन्हा पुन्हा तपासला. तो बरोबर होता. तीन डब्यांचा हिशेबही बरोबरच होता. त्यांना स्वतःचा असा राग आला की हातातला खडू कधी मोडला तेही कळलं नाही.

सूर्य पाण्याला टेकायला आला तेव्हा वायरलेस खरखरला.

"काका, फुलीवर आलोय," भोंग्याचा आवाज. "इथं काही नाही. दोन फेऱ्या मारल्या. दीड डबा गेला, वर थोडं गेलंय. लाटा मोठ्या आहेत. काय करू?"

लेक दुर्बीण टाकून आत आली होती.

"काका, अजून थोडं पुढं बघू का? दिसेल असं वाटतंय. तुम्ही म्हणाल तसं."

काकांनी माइक उचलला आणि बटण दाबलं. आकडा त्यांना तेव्हाच कळला होता. भोंग्याजवळ अडीच डबे, तेही भरून नाहीत. वारा तोंडावर, होडीत दोन माणसं, अंधार पडतोय. पुढं गेला तर परत येणार नाही. अजून एक होडी, अजून दोन घरं. शब्द एकच होता, दोन अक्षरांचा. काकांनी तोंड उघडलं. समोर लेक उभी होती, तिचे डोळे त्यांच्या ओठांवर होते. शब्द बाहेर आला नाही. बटण दाबलेलंच होतं, त्यामुळे भोंग्याला तिकडे काकांचा श्वास तेवढा ऐकू जात असणार, आणि भोंग्याला काही बोलता येत नसणार.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "पुढे गेले तर पुरेल त्यांना?"

काकांनी मान हलवली. नाही.

ती जवळ आली. मग तिनं बापाच्या मुठीतून माइक सोडवून घेतला. बोटं घट्ट होती, एकेक उचलावी लागली.

"दादा," ती म्हणाली, "मी बोलतेय. परत फिरा."

तिनं बटण सोडलं. मग भोंगा बोलला, आणि त्याचा आवाज इतका बारीक होता की बर्फवाल्याला सेटचा कान पिळून मोठा करावा लागला.

"ताई, काकांना एकदा विचारा ना."

"विचारलं," ती म्हणाली. "फिरा."