नावाची एक तरी बातमी

शिल्पा सुरवाडेला दोन महिने एकाच गोष्टीचा ध्यास होता. आपलं नाव पेपरात छापून यावं, बातमीच्या डोक्यावर, ठळक. बाकी मग काही नाही मिळालं तरी चालेल.

त्याला कारणं दोन. जळगावच्या कॉलेजात पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप करून कात्रणांची फाइल द्यावी लागते. प्लेसमेंटचं बघणारे भूपेंद्र सर म्हणाले होते, "नाशिकच्या नोकरीसाठी तुझं नाव सुचवतो. पण फाइलमध्ये नावाची एक तरी बातमी पाहिजे. बिननावाची कात्रणं काय, कोणीही आणतं." हे झालं एक. दुसरं कारण म्हणजे तिचे बाबा.

यादव सुरवाडे दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर. पोरगी धुळ्याला पेपरच्या ऑफिसात लागली त्या दिवसापासून त्यांनी घरी तोच पेपर लावला. रोज संध्याकाळी बटणांच्या फोनवरून विचारायचे, "आज आलं का गं तुझं?" पहिल्याच आठवड्यात तिने सांगून टाकलं, "बाबा, शिकाऊंचं नाव टाकत नाहीत. जिथं नुसतं 'प्रतिनिधी' लिहिलेलं असतं ना, ते आम्हीच." बाबांचं समाधान झालं. आणि काय गंमत, दुसऱ्या दिवशी म्हणाले, "रावेरला ऊन फार असेल. डोक्याला रुमाल बांधत जा." शिल्पा घाईत होती. रावेरचं काय मध्येच, असं तिला वाटलं खरं, पण हो म्हणून तिने फोन ठेवला. तिथंच चुकलं.

ऑफिसात पितांबर नाना मुख्य. त्यांचा नियम सरळ होता: जो पायपीट करेल त्याचं नाव, प्रेसनोट टाइप करणाऱ्याचं नाही. आणि शिल्पाला दिवसभर द्यायचे काय, तर प्रेसनोटा! अमक्याचा सत्कार, तमक्याचं रक्तदान शिबिर. पाण्यात उतरू द्यायचं नाही आणि वर म्हणायचं, पोहून दाखव. कोणी आसपास नसलं की ती बातमीच्या वर 'शिल्पा सुरवाडे' असं टाइप करायची, घटकाभर बघत बसायची आणि खोडून टाकायची.

बातमी शेवटी बसस्टँडवर सापडली. धुळ्यात शिकायला राहिलेल्या पोरांचे डबे त्यांच्या गावाहून सकाळच्या एसटीने येतात. आई डबा कंडक्टरच्या हवाली करते, पोरगं स्टँडवर येऊन उतरवून घेतं. ज्याला उशीर होतो त्याचा डबा लताबाई आपल्या चहाच्या टपरीत सांभाळून ठेवते. झाकणावरचं नाव तिला वाचता येत नाही. फडक्यावरून ती गाव ओळखते. शिल्पा सात दिवस रोज सकाळी तिथं उभी राहिली. कोणत्या आईने भाकरीसोबत चिठ्ठी घातली, कोणाचा डबा न उघडताच परत गेला, सगळं तिने लिहून घेतलं.

इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, तिने कागद नानांपुढे ठेवले. नानांनी ते दोनदा वाचले.

"ही कोणी सांगितली तुला?"

"कोणी नाही. दिसली."

"चांगली शे," नाना म्हणाले. एरवी ऑफिसात ते अहिराणी बोलत नसत. मग त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "सुरवाडेच ना?"

रविवारी सकाळी शिल्पाने पाच अंक घेतले आणि जळगावची एसटी धरली. तिथून भुसावळ, मग दीपनगर. सबंध वाटेत तिने अंक मांडीवरून हलू दिले नाहीत. बाबा नाव बघून काय म्हणतील याचाच विचार चालला होता तिचा.

बाबा दारातच उभे होते. ती काही बोलायच्या आत त्यांनी एक जाडजूड फाइल तिच्या हातात दिली. "उद्या सरांना द्यायची ना? मीच करून ठेवली."

शिल्पाने फाइल उघडली. एकेका पानावर एकेक कात्रण, कडा सरळ कापून खळीने चिकटवलेली. रावेरला केळीचे ट्रक अडकले: प्रतिनिधी. भुसावळला नळाला पाणी नाही: प्रतिनिधी. एकूण बेचाळीस बातम्या, आणि त्यातली एकही तिची नव्हती. दीपनगरला जळगावची आवृत्ती येते, धुळ्याची पानं वेगळी असतात. हे तिने सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं, एवढं तर माहीत असेल.

तिने आपला अंक पुढे केला. बाबांनी नावावरून बोट फिरवलं. मग त्यांचा आवाज चढला. "बेचाळीस बातम्या दिल्या पोरीने, आणि नाव एकदाच टाकतात? ही काय पद्धत झाली?"

गप्प बसावं असं तिला फार वाटलं. पण ती फाइल सरांपुढे कशी ठेवणार? खाली बसून तिने सगळं सांगितलं, हळूहळू, त्यांच्याकडे न बघता.

बाबा बराच वेळ पानं उलटत राहिले.

"मग ह्या कोणाच्या?"

"असतील कोणाकोणाच्या. माझ्यासारख्यांच्या."

"म्हणजे त्यांच्याही घरी कोणी नाव शोधत असेल." त्यांनी फाइल मिटून कपाटावर ठेवली. "असू दे. नीट ठेवल्यात मी."

मग त्यांनी चष्मा पुसला, तिची बातमी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, आणि अंगात सदरा चढवू लागले.

"कुठं निघालात?"

"पेपरवाल्याकडे. धुळ्याचा अंक इथं मिळतो का विचारतो. उद्यापासून तोच लावू."

इंटर्नशिप कालच संपली, हे शिल्पाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण बाबांनी तोवर चपला घातल्या होत्या.